पाडवा ते पाडवा: आप्पांना सांगितलेले सिनेमे

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

संध्याकाळी गुढी उतरवली, साखरेची गाठी आप्पांच्या हातात दिली आणि वर्षाचं काम ठरवून टाकलं. आठवड्याला एक सिनेमा, शक्यतो मराठी, या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत. मी बघायचा आणि आप्पांना सांगायचा. "कुठले बघायचे?" असं विचारलं आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर मी थांबले. आप्पा म्हणाले, "बघायचेच. तू डोळ्यानं बघ, मी तुझ्याकडनं बघतो."

परिस्थिती लिहून ठेवते. आप्पा माझे वडील, वय ७४. कोल्हापुरात एसटीचे ड्रायव्हर होते. काचबिंदूनं उजवा डोळा पूर्ण गेलाय. डाव्या डोळ्याला नळीतून बघावं तेवढंच दिसतं, तेही धुरकट. टीव्हीवर उजेड हलतो एवढं कळतं. एका ठिकाणी "मोतीबिंदू आहे, पिकू द्या" म्हणून दोन वर्षं थांबवलं, आणि तेवढ्यात जायचं ते गेलं. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी ड्रॉपनं सांभाळायची. याबद्दल या वहीत पुन्हा लिहिणार नाही.

ड्रॉपची वेळ रात्री नऊ. घालून झाल्यावर नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन-तीन मिनिटं डोळा मिटून बसायचं. म्हणजे साडेसातला सिनेमा लावला तर मध्यंतर बरोबर नऊला.

१३ एप्रिल

'श्यामची आई', १९५३. आप्पांना पाठ असलेल्या सिनेमापासून सुरुवात केली, म्हणजे चुकलं तरी ते सांभाळून घेतील. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत, १९५४ साली, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलेला अत्र्यांचा सिनेमा. वनमालाबाईंची आई, माधव वझ्यांचा श्याम.

आणि मी सगळ्यावर बोलले. संवादावर बोलले, शांततेवर बोलले, 'भरजरी गं पितांबर' सुरू झालं त्याच्यावरही बोलले. आप्पांनी हात वर केला. बसमध्ये कंडक्टरला थांबवायचे तसा. म्हणाले, "क्रिकेटचं समालोचन करतीयास. आशाबाईंना गाऊ दे की."

पहिला नियम तिथेच ठरला. कुणी बोलत असेल, गात असेल तर आपण गप्प. दोन वाक्यांमधल्या फटीत जेवढं बसेल तेवढंच सांगायचं. फट लहान असेल तर सगळ्यात महत्त्वाचं एकच. दुसरा नियम झोपताना सुचला. "ती दुःखी दिसतेय" असं म्हणायचं नाही. ती काय करतेय ते सांगायचं. दुःख आप्पांना कळतं.

३ मे

मुद्दाम हीच तारीख धरली. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. आज त्याला १११ वर्षं झाली म्हणून परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावला.

तयारी कमी पडली. सिनेमा मी पूर्वी पाहिला होता, पण त्यातला एक भाग डोक्यातून पार गेला होता. फाळके एकामागून एक खेळ बघत सुटतात, त्यापायी डोळ्यांवर ताण येतो आणि काही काळ दिसेनासंच होतं. हे खरंच घडलेलं आहे. पडद्यावर नंदू माधव चाचपडायला लागले आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. काहीच सांगितलं नाही. आप्पांनी आवाजावरून ओळखलं. "दिसंना झालं व्हय त्यास्नी?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं उपचार होऊन नजर आली तेही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. न्हाईतर शिनेमा कुणी काढला असता?"

नोंद: यापुढे प्रत्येक सिनेमा आधी एकटीनं बघायचा, फटींच्या वेळा टिपायच्या. आणि आप्पांना जपायला म्हणून काही गाळायचं नाही. गाळलं की त्यांना लगेच कळतं.

२५ मे

'कुंकू', १९३७. प्रभातचा, शांतारामबापूंचा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या, पण त्याच्यापुढे मान न तुकवणाऱ्या मुलीची गोष्ट. मुलगी शांता आपटे, म्हातारे काकासाहेब केशवराव दाते.

या वेळी आदल्या रात्री मी डोळ्यांवर ओढणी बांधून बसले. आप्पांच्या बाजूनं सिनेमा कसा येतो ते मला हवं होतं. पहिली दहा मिनिटं घाबरल्यासारखं झालं. खोली मोठी झाली, आवाज कुठून येतोय ते कळेना. मग हळूहळू एकेक वस्तू जागेवर बसायला लागली. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. शांतारामबापूंनी ते ठरवून टाळलंय. घरातले, रस्त्यावरचे जे आवाज असतील तेवढेच. गाण्यालाही वाद्यं बाहेरून येत नाहीत. म्हणजे ८७ वर्षांपूर्वीचा हा सिनेमा ओढणी बांधूनही पुष्कळसा दिसतो. भिंतीवरचं घड्याळ तर एक पात्रच आहे.

ओढणी सोडल्यावर माझे गाल ओले होते. ते गोष्टीमुळे की त्या अंधारामुळे, ते मला ठरवता आलं नाही.

आप्पांना दुसऱ्या दिवशी लावला. मला आतापर्यंत सगळ्यात कमी बोलावं लागलेला सिनेमा. संपल्यावर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्या काकासाहेबाचा मला राग न्हाई आला. घड्याळाचा आला."

८ जून

'सामना'. दिग्दर्शन जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकर, संगीत भास्कर चंदावरकर. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला. श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळूभाऊ फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील.

इथे मी जवळजवळ नव्हतेच. दोन आवाज समोरासमोर बसलेत. एक झिजलेला, दारूत भिजलेला, पण प्रश्न न सोडणारा. दुसरा तुपात घोळलेला. निळूभाऊंचा आवाज कधी चढत नाही, उलट उतरतो, आणि उतरला की भीती वाटते. हे मला डोळ्यांनी बघताना कधी कळलं नव्हतं, कारण मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत बसायचे. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हयात गेलेल्या आप्पांना यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न आला की दर वेळी ते खाटेच्या कडेवर बोटानं एकदा वाजवायचे.

२२ जून

'किल्ला'. अविनाश अरुण स्वतः कॅमेरामन, त्यामुळे अर्धी गोष्ट उजेड, पाऊस आणि समुद्रातच आहे. वडील गेलेला मुलगा, बदलीवर कोकणात आलेली आई. बर्लिनला मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालेला. मला फार आवडतो म्हणून छातीवर हात ठेवून लावला.

पहिल्या अर्ध्या तासात मी "सगळं हिरवं आहे" हे इतक्या वेळा म्हटलं की आप्पांनी विचारलं, "हिरवं म्हंजे कुठलं?"

मला प्रश्न कळला नाही.

"अगं, जूनचं पहिल्या सरीनंतरचं, का श्रावणातलं? करूळ घाटातलं, का आंबोलीचं? आंबोलीचं काळपट असतंय. करूळचं पोपटी, ऊन पडलं की पिवळं मारतंय."

त्यांनी गगनबावड्याकडून खाली, आंबोलीतून सावंतवाडीला, फोंड्यातून कणकवलीला किती वर्षं गाड्या उतरवल्या. मुक्कामी गाडी घेऊन जायचे, पहाटे परत चढवायचे. ते सगळे रस्ते डोक्यात रंगासकट तसेच आहेत, आणि मी त्यांना "हिरवं" असा एक शब्द देत होते. मी सिनेमा थांबवला, नीट बघितलं आणि म्हटलं, "श्रावणातलं. आंबोलीचं. खालून वर ढग येताहेत." ते मागे टेकले. "हां. आता लाव."

या प्रकल्पातली सगळ्यात कामाची नोंद ही. त्या दिवसापासून मी आप्पांच्या रस्त्यांवरून वर्णन करते. रस्ता निपाणीसारखा रुंद, देऊळ जोतिबाच्या पायऱ्यांसारखं, विहीर आपल्या आत्याच्या मळ्यातल्या विहिरीएवढी. माझ्याकडे शब्द कमी होते. त्यांच्याकडे चित्रं होती.

१७ जुलै, आषाढी एकादशी

'संत तुकाराम', १९३६. दामले आणि फत्तेलाल यांचा, १९३७ साली व्हेनिसला गौरवलेला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा सगळ्यांना ठाऊक असतात. मी यंदा गौरीबाईंच्या जिजाईच्या प्रेमात पडले. नवरा देवाच्या नादी, घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि ही बाई थेट देवळात जाऊन विठोबावर पायातलं काढून उगारते. तेवढं वाक्य मी फटीत बसवलं आणि आप्पा उठून बसले. "उगारलं?" "उगारलं." "शाब्बास." एकादशीच्या दिवशी, उपासाचं तोंड, आणि हे शब्द.

'आधी बीज एकले' लागलं तेव्हा त्यांनी हात जोडले. संपल्यावर मी सांगितलं की हा तुकोबांचा अभंग नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला आहे, भल्याभल्या जाणकारांनाही तो तुकोबांचाच वाटला होता. आप्पा विचारात पडले. "मग हात जोडले ते वाया गेलं न्हाई. आठवल्यांना पोचले."

२६ जुलै

सिनेमा नाही. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलीय, आमच्याकडे पाणी नाही पण वीजही नाही. मोबाइल पंधरा टक्क्यांवर. मेणबत्ती लावून बसलो. आप्पा म्हणाले, आज मी सांगतो, तू बघ.

'सांगत्ये ऐका'. अनंत मान्यांचा, १९५९ चा, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चाललेला. आप्पांनी तो तीनेक वर्षांनी जत्रेतल्या तंबूत पाहिला, बारा वर्षांचे असताना. सिनेमाआधी त्यांनी तंबू उभा केला. मध्ये दोर, एकीकडे बायका, एकीकडे बाप्ये, खाली माती, पुढची पोरं मान मागे टाकून बसलेली. यंत्र एकच, त्यामुळे दर रिळानंतर दिवा लागायचा आणि रीळ बदलेपर्यंत पोरं शेंगा फोडायची. जनरेटरचा धडधडाट सगळ्या संवादांच्या खाली सतत. "त्यामुळं मला शिनेमा म्हटलं की अजून डिझेलचा वास येतो," असं म्हणाले. पुढं ड्रायव्हर झाले.

मग हंसा वाडकर, मग जयश्री गडकर, मग 'बुगडी माझी'. त्यांनी गाणं गायलं नाही, पायाचा ठेका खाटेच्या लाकडावर धरला आणि वर फक्त सांगितलं: आता वळली, आता पदर असा घेतला, आता सगळा तंबू गप्प झाला. मी डोळे मिटून बसले होते. मी तीन महिने जे शिकत होते, ते त्यांना येत होतं.

९ ऑगस्ट

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. आज केशवरावांची जयंती. १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर. आप्पा रात्रभर जागे होते, बंबांचे आवाज मोजत होते. शेजारी खासबागेत त्यांनी कुस्त्या पाहिल्या, नाट्यगृहात नाटकं पाहिली, आईला लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर नेलं ते तिथंच. सकाळी म्हणाले, "मला ते तसंच दिसणार आता. मी जळालेलं बघितलंच न्हाई."

सिनेमा लावला नाही. पुढचे दोन आठवडेही लावला नाही.

२४ ऑगस्ट

'फँड्री'. नागराज मंजुळ्यांचा पहिला मोठा सिनेमा. जब्या, काळी चिमणी, शालू, आणि गावातली डुकरं धरायला लागणारं कैकाड्याचं घर. मी दोनदा तयारी केली होती, बारीकसारीक वेळा लिहिल्या होत्या.

शेवटाकडे सगळं कुटुंब शाळेमागे डुक्कर धरतंय, अख्खा गाव बघायला जमलाय, जब्या शालूच्या नजरेआड व्हायला धडपडतोय. डुक्कर हाताशी आलंय आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. माझ्या वहीत त्या जागी लिहिलं होतं, "राष्ट्रगीत: थांबा, मग सांगा." कारण गाण्यावर बोलायचं नाही.

सूर कानावर पडताच आप्पा खाटेवरून उठले. डावा हात भिंतीला, उजवा मांडीला चिकटवून ताठ उभे राहिले. एसटीच्या झेंडावंदनाला राहायचे तसे. मी काही सांगितलंच नव्हतं. पडद्यावर जब्याचा बाप, आई, बहीण, सगळे जागच्या जागी थिजलेले, समोरून डुक्कर आरामात निघून चाललेलं. आणि खोलीत आप्पा उभे. बावन्न सेकंद मी एकदा त्यांच्याकडे, एकदा पडद्याकडे बघत होते.

संपल्यावर म्हटलं, "आप्पा, तेही उभे राहिले होते. डुक्कर सुटलं."

ते सावकाश बसले. "धरायचं सोडून?" "हो." पुढचं त्यांनी काही विचारलं नाही. मेलेलं डुक्कर बांबूला बांधून नेतात, मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई रंगवलेल्या आहेत, ते मी सांगितलं. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ कॅमेऱ्यावर येतो, पडदा काळा. "दगड आपल्याकडं आला," एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या बाजूनं पडदा आधीच काळा होता, पण दगड आल्याचं त्यांच्या तोंडावर मला दिसलं.

२१ सप्टेंबर

'सैराट'. याला बघितलं नाही असं माणूस महाराष्ट्रात विरळाच, पण आप्पांनी २०१६ ला पाहिला नव्हता, त्या वर्षी डोळ्यांचीच धावपळ होती. गाणी मात्र सगळी पाठ.

सुरुवात अशी मजेत गेली की काय सांगू. आर्ची गाडीवरून येते. आप्पा: "बुलेट हाय. कोण, पोरगं?" "पोरगी." "पोरगी बुलेट चालवतीया?" मग ट्रॅक्टर. "ह्ये पण तीच?" "तीच." त्यांनी मांडीवर थाप मारली. एवढ्या वर्षांच्या ड्रायव्हरला यापेक्षा चांगली नायिका कुठून मिळणार? गाणी सगळी पूर्वार्धात आहेत, आणि अजय-अतुलच्या त्या वाद्यमेळावर मी बोलावं असं काही नव्हतंच. हैदराबादला गेल्यावर गाणी थांबतात. "आता गाणी का न्हाईत?" हे त्यांनी बरोबर ओळखलं.

शेवटाची मला महिनाभर धास्ती होती. माहेरचे लोक येतात, भेटी आणतात, आर्ची चहा ठेवते. ते आप्पांना ऐकू येतं. मग शेजारीण त्यांच्या लहान बाळाला दारात सोडून जाते, तो आत येतो. आणि सिनेमातला आवाज काढून घेतलेला आहे. रडणंसुद्धा ऐकू येत नाही.

आप्पा म्हणाले, "आवाज गेला काय गं? बघ बरं."

पहिल्यांदाच बोलायला वाटेल तेवढी जागा होती. बाराशे शब्द बसले असते. मी म्हटलं, "आवाज आहे. सिनेमातच नाही." मग सांगितलं: दोघं जमिनीवर आहेत. हलत नाहीत. बाळ त्यांच्याकडे बघतंय. रडतंय. आता बाहेर चाललंय. त्याची पावलं फरशीवर उमटताहेत. लाल.

त्यांनी हात पुढे केला, मी धरला. नऊचा ड्रॉप त्या दिवशी साडेदहाला घातला.

१९ ऑक्टोबर

मधल्या काळातल्या चार सिनेमांचं एकत्र लिहिते. 'देऊळ' छान झाला, 'सिंहासन'मध्ये माणसं इतकी की मी नावं सांगून दमले, पण 'उषःकाल होता होता'साठी आप्पांनी पुन्हा लावायला सांगितलं. 'जैत रे जैत' म्हणजे गाण्यांचाच डोंगर, मी फक्त स्मिता पाटील कुठे उभी आहे ते सांगत राहिले.

चौथा 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेंचा, व्हेनिसला गाजलेला, पुढं राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला. वीरा साथीदारांचा लोकशाहीर आणि त्याच्यावरचा खटला. कॅमेरा हलत नाही, लोक येतात-जातात, न्यायाधीश नोंद लिहवून घेतात. मी विचारलं, "आता काही होत नाहीये, काय सांगू?" आप्पा म्हणाले, "मग सांगू नको. कोर्टात असंच असतंय. मी अपघाताच्या केसला चार वर्षं बसलोय." सुट्टी लागते, कोर्टातले दिवे बंद होतात, काळोख बराच वेळ राहतो. "संपला," मी म्हटलं. ते म्हणाले, "थांब की जरा." आणि खरंच, पुढं न्यायाधीशांची सहल सुरू झाली. बघून तयारी केलेली मी चुकले, आणि काळोखात बसायची सवय असलेले ते बरोबर निघाले.

यंदाच्या मार्चमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं थिएटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात दृष्टिहीनांसाठी दृश्यवर्णनाचा विषय आहे. मनापासून आनंद झाला. पण 'कुंकू'चं, 'सामना'चं वर्णन कोण करणार? ज्यांनी आयुष्यभर तिकिटं काढली त्यांचे सिनेमे तर हेच.

९ नोव्हेंबर

'अस्तु'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. मोहन आगाशे झालेत निवृत्त संस्कृत पंडित, स्मृती हरवत चाललेले. मुलगी त्यांना गाडीत बसवून बाजारात जाते, त्यांना रस्त्यानं हत्ती दिसतो आणि ते उतरून त्याच्या मागे चालायला लागतात.

तिथंच आप्पा म्हणाले, "बंद कर. हा नको."

बंद केला. का ते विचारलं नाही.

२४ डिसेंबर

काल श्याम बेनेगल गेले. ठरवलेला मराठीचा नियम मोडून 'भूमिका' लावला. नियम मोडला असं तरी का म्हणावं? तो हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर आहे आणि त्या पुस्तकाचं नाव 'सांगत्ये ऐका'च. पुरात मेणबत्तीसमोर आप्पांनी जी हंसा मला दाखवली होती, तिचं तंबूबाहेरचं आयुष्य हे.

यात आठवणींचे काही भाग कृष्णधवल आहेत, बाकी रंगीत. हे कसं सांगायचं यावर मी अडले. शेवटी सरळ विचारलं, रंग गेला, रंग आला असं म्हटलं तर तुम्हाला काही होतं का? ते म्हणाले, "होतंय की. माझ्या सपनात रंग हाईत अजून. जागा झालो की जातात." मग मी प्रत्येक बदल सांगितला. "रंग गेला." "आला." त्यांनी एकही चुकू दिला नाही.

११ जानेवारी २०२५

'श्वास' त्यांनीच मागितला. मी वर्षभर टाळत होते. संदीप सावंतांचा, २००४ चा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. कोकणातले आजोबा नातवाला शहरात आणतात. पोराच्या डोळ्यांत कर्करोग. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रिया झाली की नजर जाणार. हे त्याला कसं सांगायचं, हाच सिनेमा. आप्पा आणि आईनं थिएटरात पाहिला होता. आई खूप रडली होती, आप्पांना तेव्हा सगळं दिसत होतं.

शस्त्रक्रियेआधी आजोबा पोराला दवाखान्यातून बाहेर नेतात, शहर दाखवायला. अरुण नलावडे काही बोलत नाहीत, पोराकडे बघत राहतात. त्या भागात मी जे जे पडद्यावर दिसेल ते सगळं सांगितलं. इथे मी माझेच नियम मोडले, एकही फट सोडली नाही. गाड्या, माणसं, खेळणी, पोराचं तोंड, आजोबांचं तोंड. पोर बघत होतं, मी बघत होते, आप्पा बघत होते.

संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला. "तुझी आई रडत हुती तवा मी तिच्याकडं बघितलंच न्हाई. पडद्याकडं बघत बसलो. कसली साडी हुती तिची त्या दिवशी, तुला आठवतंय?"

मला आठवत होती. राखी, काठ विटकरी. सांगितलं.

२६ जानेवारी

काल अशोक सराफांना पद्मश्री जाहीर झाली. आत्या पेढे घेऊन आली आणि 'अशी ही बनवाबनवी' लागला. १९८८ चा, सचिनचा. आत्या, आप्पा, शेजारच्या काकू, त्यांची नात, सगळे संवाद म्हणत होते, सिनेमाच्या अर्धा सेकंद आधी. मला फक्त साड्यांचे रंग सांगायचं काम होतं आणि तेही आत्यानं काढून घेतलं. मी स्वयंपाकघरात चहा करत ऐकत राहिले. आप्पा इतके हसले की खोकला लागला.

२२ फेब्रुवारी

'द डिसायपल'. पुन्हा ताम्हाणे. शरद नावाच्या शास्त्रीय गायकाची गोष्ट, शरद झालाय आदित्य मोडक, आणि गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड. शरद रात्री रिकाम्या रस्त्यांवर गाडी चालवतो आणि कानात माईंची, म्हणजे गुरुजींच्या गुरूंची, जुनी व्याख्यानं चालू असतात. माई कुठंच दिसत नाहीत. फक्त आवाज.

म्हणजे इथे मी आणि आप्पा एकाच जागी होतो. जे त्यांना होतं तेच मला. रस्ता, इंजिन, म्हातारीचा कडक आवाज. आप्पा पुढे सरकून बसले. मी गप्प. शेवटी लोकलच्या डब्यात एक भिकारी गात येतो, शरद ऐकतो. मी फक्त म्हटलं, "डब्यात बायको-पोरगी आहे. तो ऐकतोय."

नंतर त्यांनी विचारलं, "ती माई कोण?"

सुमित्रा भावे, मी म्हटलं. दिग्दर्शिका. २०२१ ला गेल्या. आपण हत्तीचा सिनेमा अर्ध्यावर सोडला ना, तो त्यांनीच केलाय.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग त्यो पुरा करायला पायजे."

३० मार्च, गुढीपाडवा

एकूण ३७ झाले. ५१ व्हायला हवे होते. आवडीचे लिहायचे ठरलं होतं. आप्पांचे: कुंकू, सामना, फँड्री, द डिसायपल, आणि तंबूतला सांगत्ये ऐका, तोच, दुसरा नाही. माझे: संत तुकाराम, किल्ला, फँड्री, श्वास, आणि मेणबत्तीचा सांगत्ये ऐका. 'सैराट' दोघांनाही यादीत घालवेना आणि बाहेरही ठेववेना. तो वेगळ्या पानावर लिहिलाय.

गुढी उतरवून साडेसातला 'अस्तु' लावला, पहिल्यापासून. इरावती हर्षेंचा आवाज आप्पांना ओळखीचा झाला. गाडी बाजारात थांबली, मुलगी उतरून गेली. मी सांगितलं, गाडीत ते एकटे आहेत, काचेतून बघताहेत. हत्ती आला. मोठा, सावकाश चालतोय. दार उघडलं. उतरले. निघाले त्याच्या मागे.

या वेळी ते बंद कर म्हणाले नाहीत. विचारलं, "चालताना अडखळतात काय?"

"नाही. सरळ चाललेत. हत्तीकडे बघत."

नऊ वाजले. सिनेमा थांबवला, ड्रॉप घातला. आप्पा नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून, डोळे मिटून बसले. बाहेर कुणाच्या तरी दारात मुलं गाठीची साखर वाटून घेत होती.

"हत्ती कुठवर आलाय?"

"थांबलाय," मी म्हटलं. "तुमचा ड्रॉप झाला की चालेल."